वंशावळीतली रेघ

धावड्याच्या शाळेत डॉक्टर सत्यशीला यांनी मेंढपाळ धुळाजीच्या खानदानाची वंशावळ टेबलावर पसरली. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाया, आणि काट मारलेले म्हणजे धडधाकट असताना एकाएकी गेलेले. अशा काट मारलेल्या खुणा पाच होत्या. धुळाजीचा धाकटा भाऊ रामेश्वर त्यातलाच. मेंढरं कातरता कातरता कोसळला आणि लोक भानामती म्हणून मोकळे झाले. आता रामेश्वरच्या मुलात, सूरजमध्ये, संशोधकांना दोष सापडला होता. पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून उतरणारा, हृदय बिघडवणारा. म्हणून आधी थोरांचं रक्त तपासायचं, त्यांच्यात दोष निघाला तरच लेकरांचं.

"काका, तुमच्यात तो दोष नाही," डॉक्टर धुळाजीला म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या लेकीला, शिवकन्येलाही भीती नाही. खुशाल पळू द्या."

शिवकन्येचा चेहरा उजळला. दोन दिवसांनी जालन्याला पोलीस भरतीचं ग्राउंड होतं आणि वर्षभर पोरीनं पळून पळून रस्ता तुडवला होता. धुळाजीच्या तोंडचं पाणी मात्र पळालं. बायको साखराबाई त्याच्याकडेच बघत होती.

शिवकन्या रामेश्वरची. बाळंतपणात तिची आई गेली, तेव्हा रामेश्वरनं तिला साखराबाईच्या ओटीत घातलं आणि हे कधी बोलायचं नाही म्हणून दोघा भावांनी बेलभंडारा उचलला. शपथ मोडली तर कूळ बुडतं म्हणतात. पाळली तर पोर मैदानात पडायची. पण खरं सांगायचं तर धुळाजीला धास्ती वेगळीच होती: एकोणीस वर्षं ऐकलेलं 'बा' आज बंद होईल. दुसऱ्या मेंढीला लावलेल्या कोकराची मूळ आई हा गडी कधी विसरला नाही, आणि डॉक्टरांना वंशावळ सांगताना मात्र बिनदिक्कत खोटं बोलून बसला होता.

पोर दारापर्यंत गेली, तशी त्यानं तिला हाक मारली आणि डॉक्टरांकडे वळला.

"मॅडम, रेघ चुकली. मीच चुकीची सांगितल्ती. ही रामेश्वरची हाय. पळू देऊ नका हिला."

शिवकन्येनं साखराबाईकडे पाहिलं. ती पदरात तोंड घालून रडत होती. तपासणी होईपर्यंत पळायचं नाही, असं डॉक्टरांनी हळूच सांगितलं. भरती हुकली. पोर परत येऊन खुर्चीवर बसली, बाही वर सारली. रक्ताच्या नळीवर चिठ्ठी लावायची म्हणून नर्सनं पूर्ण नाव विचारलं.

"शिवकन्या धुळाजी," ती म्हणाली. धुळाजीकडे तिनं अजून बघितलं नव्हतं. "रगत कुणाचं ते तुम्ही बघा."