गोड्या पाण्याने धुवा

दिनानाथने ट्रेलरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या फटीत छिन्नी घालून हातोडीचा घाव घातला, तशी गंजाची खपली सुटून त्याच्या पायावर पडली. मोडलेला अ‍ॅक्सल शेजारीच पडला होता. दोन वर्षांपूर्वी आगरदांड्याच्या याच वर्कशॉपात त्याने बोटीच्या ट्रेलरसाठी तो घडवला होता. गेल्या महिन्यात बोट पाण्यातून वर ओढताना तो मोडला, बोट कलंडली आणि मागून जोर लावणारा सदा तिच्याखाली चिरडून गेला.

सदाची बायको केसर दारात उभी होती आणि धाकटा दीर नामा आत. नवा ट्रेलर करायचा होता. घर बोटीवरच चालत होतं. पण त्याआधी दोघांनाही एकच गोष्ट विचारायची होती.

“दिनानाथदादा, दोन वर्षांत मोडला कसा?” नामा म्हणाला.

“तुमी सांगितलं तसंच करायची मी,” केसर म्हणाली. “बोट वर आली की गोड्या पाण्यानं धुवायची. रोज पाच बादल्या. ताप आला तरी चुकवलं न्हाय. गावात बोलतात, बाईनं आळस केला.”

गाव तिलाच बोलत होतं असं नाही. दिनानाथने अ‍ॅक्सलला भंगारातला पाइप घातला, असंही बोलत होतं. गावाच्या तोंडाला कोण झाकण घालणार? पाइप जाड होता, रंगाचे दोन हात होते. आज दोघांच्या देखत, अ‍ॅक्सल मोडला तिथले पाटे उघडून तो स्वतःवरचा डाग धुऊन काढणार होता.

पाटे सुटले. आतल्या बाजूला गंजावर मिठाचा पांढरा थर होता. रोज धुतलेल्या लोखंडात एवढं मीठ?

“पाणी कुठलं घ्यायचात?”

“परड्यातल्या विहिरीचं. तेच पितो आमी.” तिने पिशवीतली बाटली पुढे केली. “हे घ्या. घामाघूम झालात.”

दिनानाथने घोट घेतला आणि तो तोंडातच धरला. पाणी मचूळ होतं. खाडी विहिरीत कधी शिरली, ते रोज पिणाऱ्यांच्या जिभेला कळलंच नव्हतं. बिचारी दोन वर्षं इमानेइतबारे लोखंडात मीठ ओतत होती. आणि ‘गोड्या पाण्याने धुवा’ म्हणताना कुठल्या, ते आपणही विचारलं नव्हतं. त्याने घोट गिळला.

“गोडं हाय ना?” केसरने विचारलं. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

“गोडं हाय.”

“मंग मोडला कशानं?”

दिनानाथने छिन्नी खाली ठेवली. “पाइप हलका होता. लोक बोलतात ते खरं हाय. मीच घातला.”

नामाने हातोडी उचलली. क्षणभर ती हातात तोलली आणि पत्र्यावर भिरकावून दिली. केसर मात्र उंबऱ्यावरच बसली.

“म्हंजे माझ्या हातानं न्हाय गेले ते,” ती म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली.

दिनानाथला तिच्याकडे बघवेना. तो नामाला म्हणाला, “नवा दुसऱ्याकडं करा. पण अ‍ॅक्सल गॅल्व्हनाइज केलेलाच घ्या. बोल्ट स्टेनलेसचे. पाटे नकोत, त्यांच्या फटीत पाणी राहतं, रबरी सस्पेन्शन घ्या. आनि धुवायला जेट्टीवरच्या नळाचं पाणी...”

“तू गप बस,” नामा म्हणाला. “दादाला खाल्लंस, आता आमाला शिकवतोस? तुजं एक अक्षर ऐकायचं न्हाय. चला वैनी.”

केसर डोळे पुसत उठली. महिन्याभरात तिचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा दिसत होता. दिनानाथ त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेला, तेव्हा ती रस्त्याला लागली होती.

“नवा येऊ द्या, भावजी,” ती नामाला सांगत होती. “आता दिवसातनं दोनदा धुईन मी.”