थोरल्यांनी कापलेले सात इंच

मी एक ठोकळा बोलतोय. सागाचा, सात इंच उंच, चौकोनी, आणि अंगावर सभोवार कोरलेली एक खाच. अक्कल नसलेल्या माणसाला लोक ठोकळा म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. माझी हकिगत ऐकल्यावर कुणाची अक्कल कुठे गेली होती ते तुम्हीच ठरवा.

खरं सांगायचं तर मी ठोकळा म्हणून जन्मलोच नाही. मी एका टेबलाचा पाय होतो, म्हणजे पायाचा खालचा भाग. एका लाँड्रीसाठी इस्त्रीचं भलंमोठं टेबल बनवायला सांगितलं होतं. सुतार ताडमाड उंच. त्यानं माप घेतलं ते स्वतःच्या अंगाचं. चारही पायांवर हौसेनं दोन-दोन खाचा कोरल्या, पॉलिश चढवलं आणि टेबल लाँड्रीत आणून ठेवलं.

लाँड्रीचे मालक, ज्यांना पुढे सगळे थोरले म्हणायला लागले, ते होते पाच फुटांच्याही आतले. ते टेबलापाशी उभे राहिले तर टेबल त्यांच्या छातीला लागलं. त्यांनी इस्त्री उचलून पाहिली, खांदा कानापर्यंत चढला. मग त्यांनी इस्त्री खाली ठेवली आणि सुताराला शांतपणे विचारलं, "मी इस्त्री करायची की टेबलावर चढायचं?"

सुतार म्हणाला, "होईल सवय हळूहळू."

"मी का सवय करू? लाकडाला कापता येतं, मला नाही."

त्याच दुपारी करवत चालली. दोन खाचांच्या बरोबर मधोमध. वरची खाच टेबलाकडे राहिली, खालची माझ्याकडे. अशी आम्ही चार भावंडं टेबलापासून तुटलो. मला फार वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोरले त्या टेबलापाशी असे ताठ उभे राहिले की रागावता येईना. तीस वर्षं इस्त्री केली त्यांनी, आणि शेवटपर्यंत चालताना पाठीचा कणा सरळ होता.

आमचे चौघांचे चार रस्ते झाले. एक पाण्याच्या पिंपाखाली गेला. दुसरा मोडक्या कपाटाला टेकू म्हणून. तिसऱ्याला थोरले घरी घेऊन गेले, कशाला ते मला तेव्हा कळलं नाही. आणि मी दाराशी. लाँड्रीचं दार स्प्रिंगचं, सोडलं की धाडकन आपटायचं. वाफ बाहेर जावी म्हणून ते उघडं ठेवायला मला मध्ये सरकवलं. तेव्हापासून माझ्या नशिबी माणसांचे पाय बघणं आलं. पायांवरून माणूस ओळखायला मी तिथे शिकलो.

पुढे थोरले गेले. त्यांचा मुलगा मालक झाला. माणूस सज्जन, पण वडिलांच्या बाबतीत हळवा. रोज सकाळी ते टेबल स्वतः पुसायचा, दोन्ही हात टेकून क्षणभर उभा राहायचा. "बाबांचं टेबल आहे. यातलं सूतभरही हलायचं नाही," असं सगळ्यांना बजावून ठेवलेलं. सात इंच आधीच हललेत, हे त्याला माहीतच नव्हतं. करवत चालली तेव्हा तो पाळण्यात होता. मला माहीत होतं, पण मला कोण विचारतो?

टेबलापाशी थोरल्यांच्या जागी आल्या इस्त्रीताई. तुमच्यासमोर त्या कशा मांडू? हात असा, की सदऱ्याच्या कॉलरवर इस्त्री फिरली की कॉलरला स्वतःचा अभिमान वाटावा. गिऱ्हाईक यायचं ते "ताईंच्या हातची इस्त्री हवी" म्हणूनच. पण उंची अशी, की टेबल त्यांच्या मांडीच्या जरा वर संपायचं. मग काय, वाका. सकाळी आठला ज्या वाकायच्या त्या संध्याकाळपर्यंत. सात वर्षं वाकल्या.

आणि या लाँड्रीची एक तऱ्हा सांगतो. इथे कंबर दुखणं म्हणजे प्रतिष्ठा. फळीवर मलमाची बाटली, ती सगळ्यांची सामाईक. मालक स्वतः पट्टा बांधून वावरायचा. घड्या घालणाऱ्या मावशी, त्यांना सगळे घडीमावशी म्हणत, मनगटाला फडकं गुंडाळून बसायच्या. नवीन कुणी "माझं काही दुखत नाही" म्हणालं की हे एकमेकांकडे बघायचे, जणू त्यानं कामचुकारपणा कबूलच केला. मी दाराशी बसून मनात म्हणायचो, शहाण्यांनो, दुखणं म्हणजे काम नव्हे. पण सांगितलं ना, मला कोण विचारतो.

गेल्या वर्षी ताईंचं दुखणं कमरेतून पायात उतरलं. पहिल्यांदा मला कळलं, कारण डावं पाऊल फरपटायला लागलं. मग रोज संध्याकाळी एक गोष्ट घडायला लागली. लाँड्री बंद करताना ताई माझ्याशेजारी दाराला धरून उभ्या राहायच्या, पाय पुढे करायच्या, आणि घडीमावशी खाली बसून त्यांच्या सँडलचा पट्टा लावून द्यायच्या. ताई भिंतीकडे बघायच्या. मला तो पट्टा लावण्याचा आवाज नकोसा व्हायचा.

डॉक्टरांनी सांगितलं, असंच चालू राहिलं तर पाय कायमचा अधू होईल, इस्त्री सोडा. मालकानं ते ऐकलं आणि फार संकोचून ताईंना म्हणाला, "ताई, महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर तुम्ही काउंटरवर बसा, पावत्या फाडा. इस्त्रीला दुसरं कुणीतरी बघतो."

ताई फक्त "बरं" म्हणाल्या. पण त्या दिवशी कपड्यांवरून हात फिरवताना त्यांचा हात दोनदा थांबला. त्यांना इस्त्री सोडायची नव्हती हो. पावत्या कुणीही फाडेल.

त्याच आठवड्यात एक बाई आपले पांढरे कोट घेऊन आल्या. इस्पितळात लोकांना व्यायाम शिकवायच्या. कोट द्यायचं राहिलं बाजूला, त्या ताईंकडेच बघत राहिल्या.

"किती वर्षं अशा उभ्या राहता?"

"सात. व्यायाम करते मी, डॉक्टरांनी दिलेत ते," ताई घाईनं म्हणाल्या, जणू मास्तरांनी वही मागितली होती.

"व्यायाम सकाळी अर्धा तास आणि हे टेबल दिवसभर आठ तास. कोण जिंकणार, सांगा बरं?" बाईंनी ताईंना टेबलाच्या बाजूला घेऊन सरळ उभं केलं, खांदे सैल सोडायला लावले, कोपर अंगाशी ठेवून हात काटकोनात धरायला सांगितला. "हे तुमचं कोपर. इस्त्रीला वरून जोर द्यावा लागतो, म्हणून टेबल कोपराच्या चार-पाच इंच खाली हवं. हे तर फूटभर खाली आहे. ताई, तुमची कंबर बिघडलेली नाही. तिला रोज बिघडवलं जातंय."

ताईंनी मालकाकडे पाहिलं. मालकानं टेबलाकडे पाहिलं. "बाबांनी तीस वर्षं याच टेबलावर काढली," तो म्हणाला. "त्यांना नाही काही झालं."

झालं, संपला विषय. दुसऱ्या दिवशी ताईंनी टेबलाच्या पायांखाली विटा सरकवून पाहिल्या. टेबल डुगडुगलं, तापलेली इस्त्री घसरता घसरता वाचली, आणि मालकानं लगेच विटा काढून ठेवल्या. बरोबरच केलं, त्या विटांची लायकीच नव्हती.

मग तो दिवस आला. महिना संपायला आठवडा उरला होता. दुपारच्या सुट्टीत ताईंना इतकी कळ आली की त्या जुनी चादर अंथरून जमिनीवर उताण्या पडल्या. थोड्या वेळानं कुशीवर वळल्या. आणि सात वर्षांत पहिल्यांदा ताईंचं तोंड माझ्यासमोर आलं.

आधी त्या नुसत्याच बघत होत्या, दुखणारा माणूस बघतो तशा. मग नजर माझ्या खाचेवर थांबली. तिथून टेबलाच्या पायावर गेली. पुन्हा माझ्यावर. मी श्वास रोखला. ठोकळा श्वास रोखतो का म्हणून विचारू नका, मी रोखला.

"मावशी," ताई हळूच म्हणाल्या, "दाराचा तो ठोकळा जरा इकडे दे."

"आता तुला ठोकळा कशाला गं? पडून राहा ना जरा."

"दे तर."

मावशींनी मला उचललं. दार धाडकन आपटलं. ताईंनी पडल्या पडल्याच मला टेबलाच्या पायाशी धरलं. तोच रंग, तोच साग, तीच खाच, आणि करवत जराशी तिरकी गेली होती तो तिरकेपणासुद्धा इकडे तसाच तिकडे. "हा या टेबलाचाच पाय आहे," त्या म्हणाल्या. "कुणीतरी कापलाय."

मालक धावत आला. आधी म्हणाला, शक्य नाही. मग गुडघ्यावर बसला, कमरेचा पट्टा करकरला, त्यानं मला हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि स्वतः पायाला लावून पाहिलं. शेवटी त्यानं आईला फोन लावला. काकू, म्हणजे थोरल्यांची बायको, तासाभरात रिक्षानं हजर झाल्या. वय झालेलं, पण जीभ शाबूत.

"अरे, कापलंच होतं त्यांनी," काकू म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी. सुतार म्हणत होता सवय होईल, तर हे म्हणाले, लाकडाला कापता येतं, मला नाही. तुला कधी सांगितलं नाही का मी?"

"म्हणजे बाबांनी टेबलाला हात लावला होता?"

"हात कसला, करवत लावली. स्वतःच्या मापाचं करून घेतलं. म्हणून तर तीस वर्षं टिकले." काकूंनी ताईंकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, बराच वेळ लागला. "आणि तू काय केलंस रे? बापाचं टेबल जपलंस आणि बापाची अक्कल दारात टाकलीस. रोज येता-जाता लाथ मारत होतास तिला."

मालकाची मान खाली गेली. मला त्याची कीव आली, पण खोटं कशाला बोलू, सुखही झालं.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. पिंपाखालचा भाऊ निघाला, जरा फुगलेला. कपाटाखालचा निघाला, कपाट तिथेच कोसळलं. उरलेला एक काही सापडेना. तेव्हा काकू म्हणाल्या, "तो माझ्याकडे आहे. खुर्चीत बसले की माझे पाय लोंबकळायचे, घोट्याला सूज यायची. त्यांनीच आणून दिला होता, पाय टेकायला." दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पिशवीतून स्वतः आणला. वरून गुळगुळीत झाला होता. हातातून सोडताना त्यांनी त्याच्यावरून एकदा अंगठा फिरवला, एवढंच.

सुतार आला, नवा. त्यानं ताईंचं कोपर मोजलं, आम्हाला तासून सारखं केलं, मधून लोखंडी सळया घातल्या, बाजूनं पट्ट्या ठोकल्या. टेबल हलवून पाहिलं. तसूभर हललं नाही. विटांनी बघावं म्हणावं.

"आणि मी कॉलरी कशा करायच्या?" घडीमावशी कुरकुरल्या. त्या मुळात बुटक्या, गर्दीच्या दिवशी त्यासुद्धा इस्त्री घ्यायच्या. "शिडी लावू?" तर त्यांच्यासाठी रुंद, बुटका फळ्यांचा चौथरा झाला. घड्यांचं टेबलही मोजलं गेलं. काकूंना पाय टेकायला नवी पायरी गेली. मालक मोजपट्टी घेऊन जो सुटला, तो कुणाचं कोपर दिसेल ते मोजत सुटला.

पहिल्या दिवशी ताई टेबलापाशी आल्या, इस्त्री उचलली, आणि सरळ झाल्या. सरळ होत गेल्या. आणि टेबलावर लोंबणाऱ्या दिव्याला त्यांचं डोकं टण्णकन लागलं. सात वर्षं तो दिवा तिथेच होता, कधी कुणाला लागला नव्हता. घडीमावशी तोंडावर हात ठेवून बघतच राहिल्या. "अगं, तू एवढी उंच आहेस?" ताई इतक्या हसल्या की त्यांना इस्त्री खाली ठेवावी लागली. दिवासुद्धा वर घ्यावा लागला.

दुखणं एका दिवसात गेलं नाही. सात वर्षांचं वाकणं होतं ते. मालकानं स्वतःहून आणखी दोन महिने दिले, दर तासाला थोडं चालायचं असा नियम केला, आणि एक पाय टेकायला टेबलाखाली फळी ठेवली. ती फळी माझ्या शेजारीच असते, त्यामुळे मला सगळं दिसायचं. डावं पाऊल हळूहळू उचललं जाऊ लागलं.

काल शाळेच्या वाद्यवृंदाचे साठ पांढरे सदरे होते. साठही ताईंनी केले. शेवटचा सदरा टांगला तेव्हा मालक काउंटरवरून उठून आला, रांगेकडे पाहिलं आणि म्हणाला, "पावत्या मीच फाडतो. ती जागा माझीच बरी." कमरेचा पट्टाही आता त्याच्या अंगावर नव्हता.

बंद करायची वेळ झाली. घडीमावशी सवयीनं दाराशी जाऊन खाली बसल्या, हात पुढे केला. ताई म्हणाल्या, "ऊठ गं." मग त्या आपल्या आपण वाकल्या, सावकाश, गुडघे मोडून, आणि सँडलचा पट्टा लावला. एक, मग दुसरा. मावशी तशाच बसून राहिल्या. रिकामे हात त्यांनी पदराला पुसले, नंतर डोळ्यांना लावले.

आता मी भिंतीशी, उजव्या कोपऱ्यात असतो. अंगावर टेबलाचं वजन, वर इस्त्रीचा दाब. मजेत आहे. तुमच्याकडे एकच मागणं. उद्या कामाला उभे राहाल किंवा बसाल, तेव्हा एकदा स्वतःच्या कोपराकडे बघा, आणि ज्याच्यावर काम करता त्याच्याकडे बघा. दोघांत कुणाला कापायचं असेल, कुणाला उचलायचं असेल, तर ते लाकडाला करा. तुमचे सात इंच कुठेतरी दाराशी पडलेले असतील.

आमचं दार मात्र हल्ली दिवसभर आपटतं. मालक ओरडतो, दाराला काहीतरी लावा म्हणून. पण मला हलवायची कुणाची छाती होत नाही. आपटू दे त्याला. मी कामावर आहे.