हँगरची तार

घड्याळवाला घरात शिरला आणि मायलेकींची कुजबुज एकदम थांबली. झालं! तिथंच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

टेबलावर पसारा तरी किती! बुटांचं रिकामं खोकं, बाटल्यांची झाकणं आणि कापलेला हँगर. त्याची तार सरळ करून पुन्हा नागमोडी वाकवलेली आणि खोक्यावर उभी केलेली. शेजारी त्याची स्वतःची बॅटरी, पोट फाडून ठेवलेली.

"माझी बॅटरी?" तो म्हणाला.

"शाळेत टाकाऊतून टिकाऊ करून न्यायचंय," नात म्हणाली. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरायची नाही. "ही बघा कडी. ती या तारेत अडकवायची आणि तारेला न लावता या टोकापासून त्या टोकाला न्यायची. लागली की बल्ब पेटतो. हात अजिबात हलता कामा नये, आजोबा."

घड्याळवाल्यानं उजवा हात पँटच्या खिशात घातला. हल्ली तो तिथंच असायचा.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय उगाच? चार महिने झाले, चिमट्यात धरलेला स्क्रू टेबलापर्यंत पोचेना. बारीक कामाची घड्याळं तो "पार्ट मिळत नाहीत हो" म्हणून परत करायचा आणि पट्टे, सेल तेवढे बदलायचा. चहाही दोन्ही हातांनी धरून प्यायचा, वर "हाताला ऊब लागते, बरं वाटतं" हे आहेच. लेकीला काही कळू द्यायचं नव्हतं. लेक नर्स. तिचं आपलं एकच पालुपद होतं, बाबा, वय झालं, दुकान बंद करा. चाळीस वर्षं ज्या खुर्चीत बसला ती सोडून त्यानं घरात काय वाटाणे सोलायचे?

आणि आता हा खेळ! जगात खेळणी थोडी होती? भिरभिरं करायचं, दुर्बीण करायची. पण नाही, नेमका हाताचा कंप पकडणारा सापळाच हवा. पोरीला पुढं करून बाई नामानिराळी! आपण आलो तर गप्प का झाल्या दोघी? सगळं शिजवून ठेवलेलं दिसतंय, त्यानं ताडलं.

"बाबा, बरं झालं आलात," लेक म्हणाली आणि खोकं त्याच्याकडं सरकवलं. "जरा बसा ना इथं. तुमचंच काम..."

"कळतंय मला काय काम आहे ते!" घड्याळवाला कडाडला. "मी काय दुधखुळा आहे? हात थरथरतो माझा, थरथरतो! घ्या, झालं समाधान? पण दुकान मी बंद करणार नाही. परीक्षा कसली घेतेस बापाची?"

भिंगरीसुद्धा जागची हलेना.

"पण आजोबा," ती रडवेली होऊन म्हणाली, "बल्ब पेटतच नाहीये. वायर सारखी सुटते. तुमच्याकडून ती डाग देऊन पक्की जोडून घ्यायची होती. आणि बॅटरी विचारून घेतली नाही म्हणून तुम्ही रागवाल असं आई म्हणत होती."

घड्याळवाल्यानं खोक्याकडं पाहिलं. वायर खरंच लोंबत होती. कुणाला काही ठाऊक नव्हतं. स्वतःच्याच तोंडानं त्यानं सगळं ओकून टाकलं होतं. जीभ हासडून घ्यावीशी वाटली त्याला.

लेक खेळण्याकडं बघत नव्हती. ती त्याच्या खिशाकडं बघत होती.

"बाबा, दाखवा."

"काही नाही गं, जरासं..."

"दाखवा ना."

त्यानं हात बाहेर काढला. तिनं तो आपल्या तळव्यावर घेतला, बोटं उघडली, एकेक दाबून पाहिलं. दाबलेलं बोट तेवढ्यापुरतं थांबायचं आणि सोडलं की पुन्हा हलायचं. कधीपासून, झोपेतही हलतो का, दुसरा हात कसा आहे, असं ती हळू आवाजात विचारत राहिली, आणि तो शहाण्या मुलासारखी उत्तरं देत राहिला.

दुकान बंद करा, असं मात्र ती एकदाही म्हणाली नाही. त्यावरूनच दुकान आता बंद होणार, हे त्याला कळून चुकलं.