जिरवलेलं तूप, जिरलेले महाराज

पेल्यातलं दूध रक्तासारखं लाल होतं आणि आमचा अख्खा बंजारा तांडा श्वास रोखून बसला होता. निर्मळ महाराजांनी डबीतलं चिमूटभर भस्म त्यात टाकून भजन सुरू केलं. लांबलचक भजन संपेपर्यंत दूध पिवळं पडलं. "करणी उतरली," महाराज म्हणाले आणि लोक पायांवर कोसळले. पुढच्या रांगेत माझा बाप अमरसिंग बसला होता, नुसती हाडं आणि कातडी.

आपल्या स्वादुपिंडात लायपेज नावाचं पाचक द्रव्य तयार होतं. ते तुपातेलाचे बारीक तुकडे करतं, तेव्हाच ते अंगी लागतं. बाचं स्वादुपिंड बिघडलं होतं, म्हणून पुसदच्या डॉक्टरांनी जेवताना घ्यायला लायपेजच्या कॅप्सूल दिल्या होत्या. त्यांच्यावर तो ठणठणीत होता. मग महाराज आले. ही औषधं डुकरापासून बनतात, हे खरंच, पण माळकरी बाला ते म्हणाले, "बाटला तू. मह्या पायाशी टाक सारं." बानं टाकलं. त्यानंतर भोगाचं, म्हणजे नैवेद्याचं तूपही न पचता बाहेर पडू लागलं. परसाकडे तेल तरंगलेलं दिसलं की महाराज सांगत, करणी निघून राह्यली.

मी पुसदला रसायनशास्त्र शिकवते. मला बापाला तूप जिरवता यायला हवं होतं, आणि महाराजांची जिरवायची होती. खरं सांगते, दुसऱ्या गोष्टीची घाई जास्त होती.

पुढच्या भजनाला मी तांड्यासमोर, महाराजांच्या पुढ्यातच, दुधात हळद आणि धुण्याचा सोडा कालवला. दूध लाल झालं. माझी याडी, म्हणजे आई, मानीबाई पुटपुटली, "हळदीच्या डागाले साबन लागला का असाच लाल होते."

महाराजांना म्हटलं, डबी राहू द्या, धुनीतली राख टाका. लोक बघत होते, टाकावी लागली. भजन झालं, दूध लालच. मग तशाच लाल दुधाच्या दुसऱ्या पेल्यात मी नवी कॅप्सूल फोडून कुटून टाकली आणि तांड्याला तेच भजन म्हणायला लावलं. दूध पिवळं पडलं. लायपेजनं दुधातली चरबी फोडली, तिच्यातून सुटलेल्या आम्लानं सोडा मारला, हळद आपल्या रंगावर आली.

"मंग त्याचं भस्म?" बानं विचारलं.

"तुह्याच कॅप्सूल, बा. बाटल्या म्हणून टाकायले लावल्या, अन् त्याच कुटून तुमाले परसाद म्हनून चाटवल्या."

महाराजांसमोर मी डबी धरली. तुमचंच पवित्र भस्म आहे, घ्या जिभेवर. त्यांनी तोंड फिरवलं. चपला शोधत दाराशी गेले, तर तिथे पोलीस. मीच बोलावले होते. त्यांना गाडीत बसवलं, ते मी पोटभर पाहिलं.

त्या दुपारी याडीनं लापशीवर तूप वाढलं. बानं ताटाकडे पाहिलं, माळेला हात लावला आणि कॅप्सूल गिळली. औषधानं कोणी बाटत नाही. खोटं बोलणारा बाटवतो.

तुमच्या गावात कोणी चमत्कार दाखवला, तर पाया पडण्याआधी एवढंच म्हणा: महाराज, तुमच्या डबीतलं नको, आमच्या चुलीतली राख टाकून दाखवा.