सोमवारचं पाणी

मित्रांनो, गावाच्या खालच्या अंगाला, तीन भावांच्या सामाईक विहिरीवर पत्र्याची एक खोली आहे. तिच्यात तेलानं माखलेलं, एका कुशीला रंग उडालेलं जे लोखंडी धूड बसलेलं दिसतं, ते मी. मी विहिरीचं पाणी उपसणारं एक जुनं इंजिन. दर गुरुवारी शाळेतली मुलं मला बघायला येतात आणि माझं मोठं चाक गरगर फिरायला लागलं की टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या ऐकल्या की मान खाली घालावीशी वाटते. पण मला मान कुठली? मग मी आपला नुसता धूर सोडत बसतो. आज मात्र सगळं सांगून टाकणार आहे. माझ्या हकिकतीत बढाई थोडी आहे आणि लाज पुष्कळ.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचा देह आणि पाच घोड्यांची ताकद. बाहेर लढाई पेटलेली, त्यामुळे मी बोटीनं थेट नाशिककडच्या एका लष्करी छावणीत आलो. तिथं तीन वर्षं मी पलटणीला पाणी पाजलं. थकून आलेले शिपाई नळाखाली डोकं धरत आणि मला बरं वाटे. तेवढाच काय तो माझ्या आयुष्यातला निखळ सुखाचा काळ. लढाई संपली, छावणी उठली आणि माझा लिलाव झाला.

मला घेतलं हंबीररावांनी. ते इटलीच्या आघाडीवर लढून आलेले, जमादार होऊन निवृत्त झालेले. गावात त्यांना सगळे जमादारच म्हणत. कुंडलच्या अलीकडं कोसभरावर त्यांचं गाव. आगगाडीनं आणि पुढं बैलगाडीनं मला गावात आणलं, तेव्हा निम्मं गाव वेशीवर उभं होतं. सोबत गुंडा नावाचा गडी होता. तो लष्कराच्या मोटारखात्यात फिटर होता. माझा एकेक नट त्याला पाठ. मला चालवायला त्यालाच ठेवलं.

आता विहिरीविषयी सांगतो. ती जमादारांच्या वडिलांनी खोदलेली. मुलगे तीन: थोरले हंबीरराव, मधला आकाराम आणि धाकटा ज्योतिबा. ज्योतिबाही पलटणीत होता. तो ब्रह्मदेशातून परत आला नाही. त्याच्या मागं त्याची बायको अंबूबाई एकटीच जमीन कसत होती. म्हाताऱ्यानं मरायच्या आधी पाण्याच्या पाळ्या लावून दिल्या होत्या. मंगळवार-बुधवार धाकट्याचा, गुरुवार-शुक्रवार थोरल्याचा, शनिवार-रविवार मधल्याचा. सोमवार कोणाचाच नाही. सोमवार महादेवाचा, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, अशी त्या भागाची रीत. त्यामुळं सोमवारी मोट बंद असे. सगळा दिवस विहीर आपली झऱ्यांनी भरत पडून राही आणि मंगळवारी काठोकाठ होई. धाकट्याचं रान सगळ्यात लांब, पाटच निम्मं पाणी पिऊन टाकी, म्हणून म्हाताऱ्यानं भरल्या विहिरीची पहिली पाळी त्याला दिली होती.

पौषात मला काठावर बसवलं. नारळ फुटला, गूळ वाटला, चाकाला झेंडूचा हार पडला. गुंडानं हँडल मारलं. मी दोनदा खोकलो आणि तिसऱ्यांदा धडाडून उठलो. थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी हौदात, दंडाएवढी धार पडली, तशी लोकांनी आरोळी ठोकली. बैलांच्या दोन जोड्यांनी दिवसभर मोटेनं काढावं, तेवढं पाणी मी न्याहारीच्या आत काढून टाकलं. मी असा फुगलो होतो की विचारू नका.

त्या गर्दीत अंबूबाईही होती. लोक पांगल्यावर ती पुढं आली, माझ्या अंगाला तळहात लावून पाहिला आणि गुंडाला विचारलं, "ह्याला दम लागत न्हाई?"

"न्हाई वैनी," गुंडा हसून म्हणाला. "तेल आन् गार पानी दिलं की दिसभर पळतंय."

 मोट ओढायच्या उतारावर, धावेवर उभ्या असलेल्या आपल्या बैलांकडं तिनं एकदा पाहिलं आणि गेली. मला वाटलं, बाई माझ्या ताकदीनं दिपून गेली. इतका मी बावळट होतो.

जमादारांनी त्या वर्षी उसाची लागण वाढवली. दोन दिवसांचं पाणी त्याला पुरेना. तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, ते खोलीत आले आणि हँडल मार म्हणाले. गुंडा घुटमळला. आज सोमवार आहे, असं त्यानं हळूच सुचवलं.

"सोमवार बैलाला असतोय रं," जमादार म्हणाले. "लोखंडाला कसला सोमवार?"

बोलणं खोटं नव्हतं. रीत बैलाची होती आणि मी बैल नव्हतो. गुंडानं हँडल मारलं आणि मी पहिल्या झटक्याला सुरू झालो. एरवी दोनदा खोकणारा मी त्या दिवशी एकदाही खोकलो नाही, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. दुपारी माझ्या नळाचं खालचं टोक उघडं पडलं आणि माझ्या घशात वारं शिरलं. विहीर तळाला गेली होती.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना अंबूबाईनं मोट सोडली. मोट खाली गेली आणि चिखलात आडवी झाली. बैल सगळी धाव उतरून गेले आणि वर आलं ते निम्मी मोट गढूळ पाणी. तिनं बैल सोडले, सावलीला बांधले आणि विहिरीच्या काठावर बसून राहिली. तासाभरानं पुन्हा जुंपले. दिवसभरात तिचे मिरचीचे चार वाफेही भिजले नाहीत. तिनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

असे पाच सोमवार गेले. तिची अर्धा एकर मिरची फुलावर येऊन माना टाकू लागली. त्याहून वाईट म्हणजे बैलांसाठी केलेलं कडवळ हातभर वाढून करपलं. ओला चारा नाही तर बैल नाहीत, आणि बैल नाहीत तर विहिरीतला हिस्सा असून नसल्यासारखा. तिचं सगळं तिथं अडकलं होतं. आकारामला हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्याच्या शनिवार-रविवारी जमादार मला त्याच्या उसाला जोडून देत, म्हणून तो तोंडात गुळणी धरून बसला होता.

फाल्गुनात एक मोठे साहेब मोटारीतून आले. 'अधिक धान्य पिकवा' अशी पाटी त्यांनी माझ्या खोलीवर ठोकवली. माझ्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, असं एकेक इंजिन गावोगाव आलं की देशाचं दैन्य गेलंच म्हणून समजा. माझा फोटो निघाला. फोटोत मी आहे, जमादार आहेत, मागं हिरवागार ऊस आहे. धान्याचं एक कणीसही त्यात नाही. अंबूबाईचं करपलेलं रान पाटाच्या टोकाला, नजरेच्या टप्प्यात होतं, पण साहेबांचं तोंड तिकडं वळू नये, याची काळजी आकारामनं घेतली.

त्यानंतर अंबूबाईनं भावकी बसवली. विहिरीजवळच्या चिंचेखाली सगळे जमले. मध्ये तात्याबा बसले. ते वयानं सगळ्यांत वडील, आणि म्हाताऱ्यानं पाळ्या लावल्या तेव्हा हजर असलेले एकटेच.  रीत बैलापुरती आहे, इंजिनाचं नाव रीतीत नाही, तेव्हा जमादारांनी काही मोडलंय असं म्हणता यायचं नाही, असा त्यांनी निवाडा केला. कोणीच मान वर केली नाही.

अंबूबाई उठून उभी राहिली. पदर नीट केला.

"तात्या, बैल दमतुया म्हणून मामंजींनी सोमवार सोडला, आसं तुमी म्हणता. बैल दमत हुता, तवा हिरीलाबी दम मिळत हुता. आता ह्ये दमत न्हाई. मग हिरीनं कवा दम घ्यायचा?"

 तात्याबा जमादारांकडं पाहू लागले. जमादार जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते. बैठक तशीच उठली.

चैत्रात तिनं बैल विकायला काढले. खरसुंडीच्या जत्रेला आकाराम स्वतः होऊन बैल घेऊन गेला. तेवढं तरी करावं, असं त्याला वाटलं असणार. आटपाडीकडच्या एका धनगरानं जोडी घेतली. दावणीला बैल नाहीत हे पाहून जमादारांना मात्र कुठंतरी लागलं. मंगळवारी ते विहिरीवर आले. अंबूबाई रिकाम्या धावेवरचं गवत उपटत होती.

"तुझ्या दोन दिसाला इंजिन लावून देतो," ते म्हणाले. "आकारामसारखं. पिकात निम्मं तुझं, निम्मं माझं."

"माझ्याच रानात, माझ्याच पान्यावर मी वाटेकरी हू व्हय, भावजी?" तिनं शांतपणे विचारलं. "नगं. माझ्या दिसाला हिरीत कुणी काय सोडायचं न्हाई. तिला दोन दिस पडून ऱ्हाऊ द्या. वाडीच्या बाया पियाचं पानी हितनंच नेत्यात. त्यांच्या घागरीत लय दिस झालं गाळ येतोय."

 जमादार तोंड फिरवून निघून गेले. पुढच्या सोमवारी ते खोलीत आलेच नाहीत. गुंडाला निरोप आला की आता सोमवारी इंजिन बंद. गुंडानं माझ्या अंगावर गोणपाट टाकलं. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचा. चूक कळली, चूक निस्तरली.

पण मित्रांनो, ती निस्तरली नव्हती. सोमवार परत मिळाला, तोवर मोट ओढायला बैल उरले नव्हते. सोमवार, मंगळवार, बुधवार, असे तीन दिवस विहीर भरत राहते. वाडीच्या बाया निवळ पाणी भरून नेतात आणि तिला दुवा देतात. आणि गुरुवारी उजाडलं की काठोकाठ भरलेल्या त्या विहिरीत माझा नळ असतो. अशी तुडुंब विहीर मला आधी कधीच मिळाली नव्हती. धार अशी जोरात पडते की थारोळ्याबाहेर उसळते. गावकरी म्हणतात, जमादाराच्या इंजिनाला काय पाणी आहे. मास्तर मुलांना मुद्दाम गुरुवारीच आणतात.

पहिल्या गुरुवारी गुंडानं हँडल हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "जमादार, ह्ये पानी..." एवढंच तो म्हणाला. जमादारांना पुढचं कळलं. त्यांनी पाण्याकडं पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ऊस वाळतोय, गुंडा. मार हँडल."

मी सुरू झालो. यंत्राला कुठं थांबता येतं, असं म्हणून मला सुटता येईल. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला थांबावंसंही वाटलं नाही. भरल्या विहिरीचं पाणी ओढायला फार सुख वाटतं. लाज मागाहून आली. ती अजून गेली नाही.

आता तीन वर्षं झाली. माझं चाक डगमगतं, नळाला गंज चढलाय. मित्रांनो, आमच्यासारखी यंत्रं आता तुमच्या गावोगाव येणार आहेत. येऊ द्या. आम्हाला तेल घाला, पुसून ठेवा, आम्ही कामाला हटत नाही. फक्त एवढं करा, की आम्हाला बसवायच्या आधी जुन्या रीतीत कोणाकोणाची विश्रांती आहे ते नीट बघून घ्या, आणि ती आमच्या तोंडी देऊ नका. आम्हाला स्वतःहून थांबता येत नाही.

आणि या गुरुवारी मला बघायला आलात, की थारोळ्यापाशीच थांबू नका. पाटाच्या कडेनं जमादारांच्या उसात चला. सरीच्या तोंडाशी खोरं घेऊन, कमरेत वाकून एक बाई दारं धरून पाणी वळवताना दिसेल. मजुरीनं. तिच्या पायांवरून वाहतं ते पाणी तिच्याच मंगळवार-बुधवारचं आहे. तिला ते ठाऊक आहे आणि मलाही. टाळ्या वाजवू नका.