रिकामी कांडी

मुंबईहून आलेल्या पोरीने मीराबाईच्या हातात हातोडा दिला आणि कानात घालायला कापसाचे दोन बोळे पुढे केले. मीराबाईने हातोडा घेतला, कापूस परत केला. अख्खा जन्म याच शेडमध्ये कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेला, आता कापूस घालून काय वाचायचंय, असं ती म्हणाली. पोरगी हसली आणि शेजारच्या धोंडूबाईकडे वळली.

टेमघरची ही शेड बंद पडून दोन वर्षं झाली होती. मालक चांगदेव शेटने लूम भंगारात काढले होते, उद्या टेम्पो यायचा होता. त्याआधीची एक दुपार त्याने प्रितम नावाच्या पोराला दिली. हा प्रितम म्हणे गोंगाटाचं संगीत करायचा. त्याने प्रत्येक लूमला तारा चिकटवून त्या भल्यामोठ्या स्पीकरांना जोडल्या होत्या. मुंबईहून बघायला आलेल्यांनीच लूम फोडायचे, एका घावाचे शंभर घाव होऊन ऐकू येणार, आणि हीच कला. काय काय निघतं एकेक! जुन्या कामगारांना खास आवतण होतं. ज्या यंत्राने तुम्हाला पिळलं त्याच्यावर राग काढा, असं प्रितम अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत समजावत होता. मीराबाईला राग होता, नव्हता असं नाही. पण तो यंत्रावर नव्हता.

तो होता समोरच्या भिंतीशी उभ्या असलेल्या नवऱ्यावर, लहानूवर. शेड बंद पडली तसा हा माणूस मिटूनच गेला. ती स्टोव्हपाशी भाकऱ्या थापताना, भांडी घासताना बोलत राहायची आणि हा मागे दारात बसून रस्ता बघायचा. हो नाही, ना नाही. मुलाने, नरेंद्रने, पनवेलला दोन खोल्या घेतल्या होत्या. दोघंही या, म्हणत होता. तिने लहानूला किती वेळा विचारलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? थकली होती बाई. आज संध्याकाळी नरेंद्रचा फोन यायचा होता. आपण एकटीनेच जायचं, हे तिने सकाळी कपड्यांचं गाठोडं बांधतानाच ठरवून टाकलं होतं.

प्रितमने हात वर केला आणि घाव पडायला लागले. पत्रे हादरले. पांढऱ्या कुडत्यातला एक गृहस्थ घामाघूम होईस्तोवर ठोकत सुटला. एक बाई कान झाकून बाहेर पळाली. धोंडूबाईने एकच घाव घातला आणि पदर डोळ्यांना लावला. मीराबाई हातोडा धरून नुसतीच उभी राहिली.

तिच्या पायाशी काहीतरी येऊन पडलं. रिकामी कांडी होती, धोट्यात बसवायची धाग्याची नळी. ती सवयीने वळली. त्या काळी ती कांड्या भरायची आणि लहानू लूम चालवायचा. आवाजात हाक ऐकू जायची नाही, म्हणून काही सांगायचं असलं की तो तिच्या पायाशी रिकामी कांडी टाकायचा. मग एकमेकांचे ओठ वाचायचे, हाताने खुणा करायच्या. सगळी शेडच तशी बोलायची. भांडणं, थट्टा, पोरांची लग्नं, सगळं बिनआवाजी.

लहानूचे ओठ हलले.

"डोकं दुखतंय का गं तुजं? चल, घरी जाऊ."

दोन वर्षांत तो तिच्याशी एवढं बोलला नव्हता. तिनेही ओठच हलवले.

"नरूला काय सांगू?"

"कशाचं?"

"पनवेलचं. किती दिस इचारते हाय तुमाला."

लहानूच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मला कवा इचारलंस?"

मग त्याने दोन बोटं कानाला लावली आणि उघडा पंजा सावकाश पालथा केला. लूम बंद पडला की मिस्त्रीला करायची ती खूण.

त्याचे कान कधी गेले, हे शेडमध्ये कुणाला कळणार होतं? इथे कानाचं काम कुणाला पडतच नव्हतं. मीराबाईला आपला स्टोव्ह, भांडी, मोरी, सगळं एकदम आठवलं. तिला स्वतःची लाज वाटली, मग त्याचा राग आला, मग नुसतंच रडू आलं.

"मला का न्हाय सांगितलं?"

"तुजी पाठच दिसायची," लहानूचे ओठ म्हणाले. "वाटलं, तूच बोलायचं सोडलंस."

प्रितमने स्पीकर बंद केले. शेडमध्ये एकदम चिडीचूप झालं. मोडक्या लूमांमधून वाट काढत मीराबाई लहानूच्या समोर जाऊन उभी राहिली आणि आवाज न काढता तिने पुन्हा विचारलं, पनवेलला जायचं का?

"जाऊ की," लहानू मोठ्याने म्हणाला, सगळ्या शेडला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "पण तू माज्याकडं तोंड करून बोलत जा."

मुंबईच्या लोकांना हाही कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. लहानू बायकोच्या ओठांकडेच बघत होता. मीराबाईने हातोडा खाली ठेवला, मागे जाऊन ती कांडी उचलली आणि कमरेला खोचली.