नरसिंगाच्या घागरीचं झाकण

किनवटच्या जंगलातला नरसिंग दरोडेखोर शूर असेल, पण डोक्यानं बेताचाच होता, असं माझं स्पष्ट मत आहे. गावात सांगतात ते असं: खजिना लुटून तो आमच्या औशाकडच्या शिवारात आला, मोहरांनी भरलेली तांब्याची घागर पुरली, आणि खूण म्हणून काय धरलं, तर शेतातले चुना लावलेले पाच दगड. दिवस होता येळवशीचा. या अमावस्येला आमच्याकडे शेताशेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालतात, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजतात आणि येईल त्याला जेवू घालतात. जंगलातल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? पुढच्या येळवशीला तो परत आला, तर शिवारभर पांढरे दगडच दगड. बिचाऱ्यानं शेंगा-पालेभाज्यांची पोटभर भज्जी खाल्ली आणि निघून गेला.

यावर आमच्या पिढ्या हसल्या. मग मध्यंतरी आमच्या आणि मामाच्या शेतांमधला बांध घालताना तांब्याचं एक झाकण निघालं. नुसतं झाकण, घागर नाही. माझे वडील शेषेराव म्हणाले, घागर सुदर्शननं लांबवली. सुदर्शनमामा म्हणाला, दाजींनी. एकाच्या घरी साधा पंखा आला तरी दुसऱ्याच्या पोटात दुखू लागलं. दोन येळवशी गेल्या, बांध ओलांडून कुणी जेवायला गेलं नाही.

यात हाल झाले आईचे. तिला भाऊ तो एकच. बोलायची काही नाही, पण बाजरीचे उंडे वळताना त्याच्या वाटचे चार जास्त वळायची आणि संध्याकाळी ते म्हशीपुढे टाकायची. मला त्या झाकणाचा भयंकर राग यायचा.

यंदा मी लातूरहून पोचले तर आमची कोप रिकामी. आईनं पाचही पांडव उचलून बांधावर, झाकण निघालं होतं तिथंच नेऊन मांडले होते. शेजारी उंड्यांची दुरडी, आंबिलीचं मडकं, आणि मडक्यावर तेच झाकण, चिंच लावून लख्ख घासलेलं. वडिलांनी कपाळाला हात लावला. पलीकडून ते चकाकताना पाहून मामा तरातरा आला.

"आक्का, ह्याच्याखाली काय हाय?"

"बघ की काढून."

त्यानं झाकण उचललं आणि आत वाकला. आई म्हणाली, "दोन साल झालं, तुझ्या वाटचं म्हशीला घालून राहिले. आता बस हितं."

मामानं झाकण बाजूला ठेवलं. मग बांधावर बसला. वडिलांनी त्याच्याकडे न बघताच आंबिलीचा पेला भरला आणि पुढे केला. तो त्यानं एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे धरला. मला इतकं बरं वाटलं की पत्रावळी आणायचं विसरलेच. मग मामानंच झाकण उलटं केलं, त्यात उंडे घेतले, आणि दाजी-मेव्हणे त्यातूनच खाऊ लागले.

संध्याकाळी आम्ही घरी आलो, तर म्हैस उंड्यांसाठी हंबरत होती.